गाऱ्हाण्यातलं नाव

मी बडबड्या माणूस. वस्तीतली पोरं तोंडावर नाना म्हणतात आणि पाठीमागे रेडिओ, ते मला ठाऊक आहे. पण दीप्ती माझ्या दारात आली, तेव्हा मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं.

दहावीतली पोर. तिच्या धाकट्या भावाच्या, हर्षदच्या कंपासपेटीत नशेच्या गोळ्या सापडल्या होत्या. "माणिक देतो त्याला, नाना. माझं नाव कळलं ना, तर तो मला सोडणार नाही."

"माझ्या तोंडून जाणार नाही, पोरी," मी म्हटलं.

माणिक सतरा वर्षांचा, आमच्याच मंडळात ढोल वाजवणारा. गेल्या वर्षी गोळ्या खाऊन वस्तीतला एक पोरगा गेला, तेव्हा आमच्या मंडळाच्या सुगंधाताईंनी आणि मी घरोघर फिरून सांगितलं होतं, विकणारा कोण ते आम्हाला सांगा, सांगणाऱ्याचं नाव गुपित राहील. वर्षभर जोगेश्वरीच्या या टेकडीवर कुणी ब्र काढला नाही. पहिली आली ती दीप्ती.

शनिवारी मंडळाची पूजा होती. आम्ही मूळचे मालवणकडचे, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं काम माझं. गाऱ्हाण्यात मोघम चालत नाही, कोणासाठी मागतोय ते नाव घेऊन सांगावं लागतं. चाळीस वर्षं तसंच सांगत आलोय. डोळे मिटले की माझं तोंड आपोआप चालतं.

"बा देवा म्हाराजा! वस्तीतल्या पोरांका ह्या नशेतसून सोडव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि ज्या दीप्तीन धीर करून माणकाचा नाव सांगल्यान, त्या चेडवाक सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने पुन्हा सगळे म्हणाले.

"अहो नाना, काय केलंत हे!" सुगंधाताई किंचाळल्या. मी डोळे उघडले. माणिकने गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला आणि तो निघून गेला.

मी दीप्तीच्या आईच्या पाया पडलो. पोरीला वाकोल्याला मावशीकडे पाठव म्हटलं. पण सोमवारपासून तिची पूर्वपरीक्षा होती. पेपरला निघाली, तेव्हा टेकडीच्या पायऱ्यांवरच माणिकने तिला गाठलं. गालापासून गळ्यापर्यंत ब्लेड फिरवलं. पोलीस घेऊन गेले तेव्हाही तो नशेतच होता, त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहवत नव्हतं. कार्टं आमचंच, आमच्याच डोळ्यांसमोर वाढलेलं.

आता सुगंधाताई घरोघर जातात तर लोक दार लोटून घेतात. कोणत्या तोंडाने बोलू मी त्यांना? थू माझ्या जिभेवर!

हॉस्पिटलात दीप्तीचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं, नळीतून श्वास चालू होता. मला दुसरं काही सुचेना. मी हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या..."

तिच्या आईने माझ्या तोंडावर हात दाबला.

"नाव घेऊ नका, नाना," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते, तिचं नाव घेऊ नका."