चुडामण सरांची टीप

मी एक जुना पंचांग-प्रोग्राम आहे. कंप्युटरवाले माझ्यासारख्याला पॅकेज म्हणतात. मला तारीख द्या, मी तिथी काढून देतो. मित्रांनो, आता मी एका फोल्डरात पडून आहे आणि त्या फोल्डरचं नाव आहे 'जुनं'. राग येतो, खोटं कशाला बोलू?

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात गणिताच्या चुडामण सरांनी मला लिहिलं. इथल्या हिंदी घरांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या मराठी घरांचा अमावस्येला. त्यामुळे वद्य पक्षात दोघांच्या महिन्यांची नावं वेगळी येतात आणि श्राद्धाच्या तिथीचा घोळ होतो. म्हणून सरांनी माझ्या अगदी वरच टीप लिहिली, 'आपला महिना अमावस्येला संपतो. हे बदलू नये.' बहादरपुरापासून देडतलाईपर्यंतच्या घरांना मी बारा वर्षं मोबाइलवर तिथीचे निरोप धाडले. एकदाही चुकलो नाही. लोक म्हणायचे, "सरांचं काम म्हणजे पक्कं काम!"

गेल्या वर्षी वैशाख वद्य पंचमीला सर गेले. ती तिथी त्यांच्या मुलानं, निरंजननं, माझ्यातच नोंदवली आणि माझं सगळं काम त्याच्याकडे आलं. सरांनी मला इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. परगावच्या लोकांनी यंदा माझी नवी आवृत्ती काढली. तिच्यात महिना पौर्णिमेला संपतो. जुनी पद्धत हवी असेल तर एक ओळ जोडा, असं त्यांनी सोबतच्या पानावर स्पष्ट लिहिलंही होतं. निरंजननं ना ते पान वाचलं, ना माझी टीप. बटण दाबून नवी आवृत्ती घेतली, मला 'जुनं' फोल्डरात टाकलं आणि झाला मोकळा!

झालं, खऱ्या तिथीच्या महिनाभर आधीच नातेवाइकांना निरोप गेला, सोमवारी सरांचं वर्षश्राद्ध.

सरांच्या बायको, सरुबाई, चक्रावल्या. "अरे निरंजन, वैशाखाची पुनव अजून आली नई, मंग वद्य पंचमी कुठून आली?"

"आई, नवीन व्हर्जन हाय, गलत थोडीच दाखवंल! तिथी मागंपुढं होतेच."

श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजींचं पंचांगही उत्तरेकडचं, पौर्णिमेला महिना संपणारं, त्यांनीही मान डोलावली. पानं वाढली, मंडळी जेवून गेली. सरुबाई वाढत राहिल्या. मला सगळं कळत होतं, पण मला विचारतो कोण?

पुढच्या महिन्यात पुनव झाली. पाचव्या दिवशी सरुबाईंनी एकटीनं खीर-वड्यांचा स्वयंपाक केला आणि केळीच्या पानावर घास घेऊन त्या गच्चीवर कावळ्याची वाट बघत बसल्या. निरंजन वर आला.

"आई, हे काय? श्राद्ध झालं ना?"

"ते तुझ्या कंप्युटरचं झालं. तुझ्या बापाचं आज हाय."

तो खाली आला. 'जुनं' फोल्डर उघडून त्यानं मला वर्षभरात पहिल्यांदा वाचलं. टिपेखाली सरांनी आणखी एक ओळ लिहिली होती, 'निरंजन, शंका आली तर आईला विचार.' मग त्यानं नव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची ती एक ओळ जोडली आणि मला परत बंद केलं.

मित्रांनो, नवं आणा, जरूर आणा, मी कोण अडवणार? पण जुनं बाजूला टाकण्याआधी त्यावर कुणी काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचत जा. निरंजननंही वाचलं, पण फार उशिरा. तो पुन्हा वर गेला तेव्हा कावळा घास घेऊन गेला होता आणि सरुबाई एकट्याच जेवायला बसल्या होत्या.