पश्चिमेची भिंत

कसबे वरखेड्याच्या टाऊन हॉलचा निकाल बुधवारी अकरा वाजता लागायचा होता, आणि हनीफ मिस्त्री नऊपासूनच त्याच्या पश्चिमेच्या भिंतीकडे पाठ करून उभा होता. चाळीस वर्षं भिंती बांधलेल्या माणसाला एका भिंतीकडे बघवत नाही, म्हणजे आत काहीतरी मुरलंय हे कुणाच्याही लक्षात यावं. पण त्या सकाळी गावात लक्ष द्यायला कुणाला फुरसत होती?

हॉल शंभरीतला. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, वर कौलं. निफाडकडून येताना द्राक्षबागा संपल्या की आधी तोच दिसतो. अर्ध्या गावाचे जन्मदाखले तिथे लिहिले गेले, पहिली मतं तिथेच पडली. महापुराच्या साली तीनशे माणसं चार दिवस त्याच्या माळ्यावर राहिली होती, आणि हनीफची धाकटी बहीण तिथेच पोत्यांच्या आडोशाला जन्मली.

आता नगरपंचायतीला तिथे दुकानांचं चार मजली संकुल हवं होतं. अहवालही तयार होता: पश्चिम भिंतीतला जुना चुना कुजलाय, गिलावा सुटतोय, ओल चढतेय, इमारत धोकादायक. वारसा समितीच्या अंजली मॅडमनी सही केली की हॉल पडलाच म्हणून समजा. त्या नाशिकहून, इंदिरानगरहून आल्या होत्या आणि अडून बसल्या होत्या. "भिंत उघडून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," म्हणाल्या.

उघडणार कोण? हनीफच. वीस वर्षांपूर्वी त्या भिंतीची दुरुस्ती त्यानंच केली होती. दाराशेजारी संगमरवरी पाटी होती, 'पारंपरिक चुनाकाम: हनीफ मिस्त्री.' येणारा-जाणारा ती वाचून त्याला सलाम करायचा.

आणि ती पाटी खोटी होती.

त्या साली पंधरा ऑगस्टला मोठा कार्यक्रम होता. काम हातात आलं जुलैत, भर पावसात. चुना काय पाणी घालून लगेच थापता येतो थोडाच? तो भिजवायचा, गुळाचं पाणी घालून बैलानं फिरणाऱ्या दगडी घाणीत दळायचा, मग खड्ड्यात मुरू द्यायचा. महिना जातो. तेव्हाचे साहेब म्हणाले, कसंही करा, भिंत पांढरी दिसली पाहिजे. हनीफनं आत सिमेंट मारलं आणि वरून बोटभर बाजारी चुन्याचा हात फिरवला. भिंत झकास दिसली. पण सिमेंटमागे दगड गुदमरतो, ओल आत कोंडते, हे त्याला ठाऊक होतं. अब्बा जिवंत असते तर त्यांनी थापी फेकून मारली असती.

म्हणजे गळत होता तो जुना चुना नव्हताच, ते हनीफचं सिमेंट होतं. एवढं बोललं की अहवाल कोसळला, हॉल वाचला. आणि हनीफचं नाव मातीत गेलं. त्यातही एक भीती काळीज कुरतडत होती: वीस वर्षांच्या ओलीनं सिमेंटमागची भिंत खरंच सडली असली तर? मग हॉल पाडणारा तोच.

नगरपंचायतीचे अध्यक्ष खंडेराव त्याला बाजूला घेऊन गेले. "मिस्त्री, खिडकीखाली घाव घाला. तिथं लय भुसभुशीत हाय. दोन दगड निखळले की मॅडम सही करत्यात. नव्या कामात तुमच्या पोराचं, वसीमचं बघून घेऊ."

हनीफनं मान हलवली. होकार का नकार, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

अकरा वाजता अंजली मॅडम आल्या. मागे पन्नासेक माणसं. हनीफनं हातोड्याच्या दांड्यानं भिंत ठोकली. बद्द आवाज आला.

"पोकळ आहे?" मॅडमनी विचारलं.

"गिलावा सुटलाय."

त्यानं खिडकीखालीच छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला ताटाएवढा ढलपा पायाशी पडला. वर पांढरा पापुद्रा, खाली करडा थर. मॅडमनी तो उचलला आणि अंगठ्यानं घासून बघितलं.

"हा चुना नाही. हे सिमेंट आहे."

"असंल पूर्वीच्या कुणाचं तरी," खंडेराव घाईनं म्हणाले. "शंभर वर्षांत कितीतरी हात लागलेत."

पळवाट आयती समोर आली होती. गप्प राहायचं, बस्स. हनीफची नजर पाटीवर गेली आणि तिथून वर, बहीण जन्मली त्या माळ्यावर.

"चाचा, हे कुणी केलं?" मॅडमनी विचारलं.

"मी केलं," हनीफ म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी. चुना मुरवायला दिवस नव्हते. ती पाटी खोटी हाय. अहवालातला कुजलेला चुना म्हणजे माझं सिमेंट हाय."

मागे कुणीतरी मोबाइल वर धरला.

"आणि मागची भिंत?" मॅडम म्हणाल्या.

उघडा दगड काळा, ओलागच्च होता. हनीफनं दोन दगडांमधल्या सांध्यात छिन्नीचं टोक धरून ठोकलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. खंडेराव पुढे झाले. हनीफनं पुन्हा ठोकलं आणि छिन्नी टण्ण करून अडली. पुन्हा ठोकलं, तरी हलेना. शेजारच्या सांध्यात तेच, त्याच्या खालच्यात तेच. दोन बोटं मऊ, पुढे टणक. अब्बांच्या आधीच्या कुणीतरी महिनाभर मुरवलेला चुना अजून दगड धरून होता. हनीफला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

मॅडमनी टेपनं मोजलं. "दोन फुटांच्या भिंतीत दोन बोटं गेलीत. सिमेंट काढा, भिंत सुकू द्या, चुन्यानं भरा. मी हॉल वारसा यादीत घालायची शिफारस करतेय. नाशिकहून निर्णय येईपर्यंत इथं कुदळ लावायची नाही."

खंडेरावांचा चेहरा पडला. मग ते हनीफकडे वळले. "वीस वर्षं गावाला फसवलंत."

"हो," हनीफ म्हणाला.

माणसं पांगली. सकाळी सलाम करणाऱ्यांपैकी कुणी केला नाही. हनीफनं पाटीचे चारही खिळे काढले, पाटी गोणपाटात गुंडाळली आणि खांद्यावर टाकून भर उन्हात घरी चालत गेला.

परसात खातूनबी, त्याची बायको, चुन्याच्या घाणीपाशी बसली होती. घाणीच्या दगडी चरात वीतभर गवत वाढलं होतं, ते ती विळ्यानं काढत होती. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"तुला सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"काय सांगणार? त्या पावसाळ्यात ही घाणी एकदा तरी फिरली का? मी काय आंधळी हाय?"

हनीफ तिच्याशेजारी बसला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत व्हते." तिनं गवताची जुडी बाजूला टाकली. "वीस वर्षं त्या हॉलपुढनं जाते, पण ती पाटी एकदा वाचली नाय. मला वाचता येतं तरी."

हनीफनं तिच्या हातातला विळा घेतला आणि उरलेलं गवत काढायला लागला.

"चुन्याला गूळ किती लागंल?" तिनं विचारलं.