निळ्या गाऊनचा खिसा

थोरलीला मोठं चित्र काढायचं खूळ लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी ती आयुष्यभर वहीच्या पानाएवढी चित्रं काढत आली होती आणि बरी काढत होती. लोक जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघायचे आणि मान डोलवायचे. मग आई गेली. वर्ष सरायच्या आत हिने जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या एकीवर एक चढवल्या आणि खोलीभर जमिनीवर कागद अंथरला. नवऱ्याने विचारलं, "मग जेवायचं कुठे?" ती म्हणाली, "ओट्यापाशी, उभ्याने." त्याने हुज्जत घातली नाही. कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मिटायचं हे त्याला एव्हाना पक्कं ठाऊक झालं होतं.

कागदही विकतचा नव्हता. आईचे जुने सुती कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं कात्रीने बारीक कापायचं, भिजत घालायचं, शिजवायचं, मिक्सरमधून काढायचं. त्याचा लगदा झाला की जाळीच्या चौकटीत ओतून ताव पाडायचे आणि वाळवायचे. न्हाणीघरात लगद्याच्या बादल्या उभ्या असत आणि नवरा परक्याच्या घरी आल्यासारखा अंग चोरून आंघोळ उरकत असे. दोन मिक्सर जळाले. तिसरा घ्यायला गेल्यावर दुकानदाराने न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही यात वाटता तरी काय?"

"आईचे कपडे," थोरली म्हणाली. दुकानदाराने मिक्सर बांधून दिला.

चित्र आईचंच होतं, पाठमोरं. लहानपणी दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यासाला बसायच्या आणि आई भांडी घासत उभी असायची. बेरजा चुकल्या की मान वर करायची आणि आईच्या पाठीकडे बघायचं. ती पाठ थोरलीला जशी आठवत होती तशी काढायची तर छोट्या कागदाचं काम नव्हतं. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून, उभ्याने, अख्खा हात फिरवत तिने ती काढली. बरेच महिने काढली. खोली पुरेना म्हणून एका वेळी एवढाच तुकडा उघडा ठेवायचा, उरलेला गुंडाळलेला. पाय काढले तेव्हा डोकं गुंडाळीत होतं आणि अंबाडा काढताना पाय. पूर्ण आई तिने स्वतःही एकदासुद्धा पाहिलेली नव्हती.

आता निळ्या गाऊनबद्दल सांगायलाच हवं, कारण थोरलीची झोप त्यानेच उडवली होती. आईच्या कपड्यांची वाटणी केली ती धाकटीने. शेवटची दोन वर्षं आई तिच्याकडे होती, तेव्हा कपाटही तिच्याकडेच होतं. तिने दोन पिशव्या भरल्या, एक स्वतःला ठेवली, एक थोरलीला दिली. आईचा रोजचा निळा गाऊन घाईत भलत्या पिशवीत गेला. महिन्याभराने धाकटीचा फोन आला, "ताई, तो निळा गाऊन तुझ्याकडे आलाय का गं? मला हवाय तो."

गाऊन त्या वेळी बादलीत होता आणि त्याला गाऊन म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बघते," थोरली म्हणाली. पुढच्या फोनला ती म्हणाली, "शोधतेय." त्याच्या पुढच्या फोनला म्हणाली, "असेल इथेच कुठेतरी." खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं, तसं तिचं झालं होतं. उद्या चित्राच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, धाकटी येणार, आणि त्याआधी सांगून टाकायला हवं होतं. सांगितल्यावर बहीण उरेल की नाही याची तिला मनापासून भीती वाटत होती. चित्र लोकांना आवडेल का, याची तेवढी वाटत नव्हती.

हॉल जुन्या गोदामाचा होता, छत उंच. छताजवळ एक लोखंडी नळी कप्पीवर टांगलेली, तिला चित्र बांधायचं आणि दोर ओढून वर चढवायचं. दोराच्या टोकाला गाठ मारलेला एकच फास होता, तो भिंतीतल्या आकड्यात अडकवायचा. "एक तर पूर्ण वर, नाही तर पूर्ण खाली," हॉलचा रखवालदार म्हणाला. "मधे अडकवायची सोय नाही. मधे ठेवायचं तर माणूस धरून उभा पाहिजे." दोघांनी मिळून दोर ओढला, फास अडकवला आणि तो चहाला गेला.

थोरलीने मागे जात जात, पार दारापर्यंत जाऊन वर बघितलं. आई उभी होती. खांदे एवढे रुंद की बाजूच्या दोन खिडक्या बिचाऱ्या वाटत होत्या. कमरेपासून खालचे ताव निळसर होते, गाऊनच्या लगद्याचे. उजव्या कमरेपाशी, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, खरा खिसा चिकटवलेला होता. तेवढा एकच भाग शाबूत राहिला होता.

"अगं बाई," मागून आवाज आला.

धाकटी दारात उभी होती, खांद्याला पिशवी, पायात प्रवासाचे बूट. "रजा आजचीच मिळाली. म्हटलं आजच येऊन टेकावं." तिने पिशवी खाली ठेवली आणि वर बघत राहिली. "एवढी मोठी काढलीस?"

"मला अशीच आठवते."

"मला माझ्या खांद्याखाली येणारी आठवते," धाकटी म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, हवापाणी सांगावं तसं म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "गाऊन सापडला का?"

थोरलीने चार दिवस मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वेळेवर तोंडात आलं नाही. तिने नुसतं बोट वर केलं. "तो काय. ते निळे ताव त्याचे आहेत."

धाकटीला कळायला जरा वेळ लागला. "कापलास?"

"कापला, शिजवला. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच झालं होतं सगळं. मी खोटं बोलत होते, चिमे."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी तो धुतलाही नव्हता, ताई. मुद्दाम."

हॉलमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता.  

"तो खिसा खरा आहे?" धाकटीने विचारलं.

"हो. दुहेरी शिवण होती, कात्री चालेना. मग तसाच लावला."

"मला त्यात हात घालायचाय."

"चिमे, तो वर..."

"शेवटी शेवटी तिला चालवत न्यायचे ना मी, तर माझा हात धरायची आणि आपल्या खिशात घालून वरून दाबून ठेवायची. मी मधेच सोडून जाईन असं वाटायचं तिला. एकदा तर दारावर कोणीतरी आलं तरी सोडेना." धाकटीने नाक पुसलं. "मला तेवढंच हवं होतं. गाऊन कशाला हवा होता मला, मी काय घालणार होते?"

थोरलीने चित्राकडे बघितलं. कोळसा अजून पक्का बसवलेला नव्हता, संध्याकाळी त्यावर फवारा मारायचा होता. आत्ता खाली घेतलं तर खालचे ताव जमिनीवर चुरगळणार, रेघा फिसकटणार. रखवालदारही जागेवर नव्हता. ती भिंतीपाशी गेली, फास आकड्यातून काढला आणि दोर हातातून सोडत गेली.

आई खाली आली. पावलं आधी जमिनीला टेकली, मग घोटे दुमडले, मग पोटऱ्या, एकावर एक घडी पडत गेली. खिसा धाकटीच्या हाताशी आला तशी थोरली थांबली. कंबर जमिनीजवळ, पाय अंगाखाली घेतलेले, वर ती भलीमोठी पाठ.

"आत्ता बरोबर दिसतेय," धाकटी म्हणाली. "अशीच बसलेली असायची."

थोरलीने आईला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या फेऱ्या सणासुदीला, घाईच्या, त्या वेळी आईला कोणीतरी तयार करून खुर्चीत बसवलेलं असे.

धाकटीने खिशाला हात घातला. आत जाईना. खिसा सपाट बसावा म्हणून थोरलीने तो आतूनही खळ लावून चिकटवला होता, तोंडासकट. धाकटीने नखाने कड उचलून बघितली. मागे वळून बहिणीकडे बघितलं, तेव्हा तिचा चेहरा दहा वर्षांच्या मुलीचा झाला होता.

"त्या कोपऱ्यातल्या बादलीत स्पंज आहे," थोरली जागेवरूनच म्हणाली. दोर सोडता येत नव्हता. "ओला कर आणि दाबून धर. खळ आहे, सुटेल."

"कोळसा ओघळेल ना?"

"ओघळू दे."

धाकटीने स्पंज पिळला आणि खिशावर दाबला. काळं पाणी निळ्या कागदावरून खाली आलं, तिच्या बाहीत शिरलं. थोड्या वेळाने तिने दोन बोटं आत सारली, मग चार, मग हात मनगटापर्यंत आत गेला. दुसरा हात तिने वरून खिशावर ठेवला. कपाळ कागदाला टेकलं. रडत होती की नाही ते पाठीवरून कळत नव्हतं.

नळी लोखंडाची, कागद कापडाचा. थोरलीचे दंड थरथरायला लागले, दोर तळव्यात रुतला. ती काही बोलणार नव्हती, पण दोर जरासा सरकला आणि वरची कप्पी करकरली.

"जड आहे?" धाकटीने मान न उचलता विचारलं.

"जड आहे गं."

"हो. दिसायची नाही, पण होती." धाकटीने हात खिशात आणखी आत सारला. "थोडा वेळ धर अजून."

थोरलीने दोराचा एक वेढा मनगटाला घेतला, पाय फाकवून रोवले आणि धरून उभी राहिली.