जमनाबाईचा आंबा, गुलाम नबीचा प्लॉट

गुलाम नबीनं गिरमिटाचा दांडा पुन्हा घट्ट धरला आणि आंब्याच्या खोडात आणखी बोटभर भोक पाडलं. ओला, पिवळसर भुसा त्याच्या चपलेवर पडत होता. भोक पुरेसं खोल झाल्यावर त्यानं खिशातला हिंगाचा चुरा आत ठासला, वर बाभळीची खुंटी ठोकली, पटाशीनं खोडाबरोबर साफ तासली आणि ओल्या मातीनं लिंपून टाकली. जन्म सुतारकीत गेलेला माणूस. पाप करतानाही त्याला काम कच्चं ठेवता येईना.

मेडशी रस्त्याकडचं हे शेत मोहनसिंगचं होतं. त्याचे प्लॉट पडले तेव्हा आंब्याचा प्लॉट नबीनं घेतला. इकडे भावाभावांच्या वाटणीत झाडं जमिनीपासून वेगळी धरतात, आणि विकतानाही मोहनसिंगनं तेच केलं; आंबा बायकोच्या नावानं राखला. "जमीन तुमची, भाऊ, पन आंबा माह्या जमनाचा. ते जिती हाये तोवर कुऱ्हाड लावाची नाई." नबीनं खोडावर हात ठेवून जबान दिली होती. तेव्हा वाटलं, बरंच आहे, घराला सावली होईल.

मग मोहनसिंग गेला. नबीच्या इमादचं लग्न झालं, सून नमरा पोटुशी राहिली, घरमालकानं भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. घरकुल मंजूर झालं, पण मार्चच्या आत पाया भरला नाही तर तेही जाणार होतं. आणि आंबा प्लॉटच्या नेमका मधोमध! हिरवं झाड तोडायला झाडाच्या मालकिणीच्या सहीशिवाय परवानगी मिळेना. वाळलेलं असेल तर मिळते, असं कार्यालयातल्या बाबूनं सांगितलं. हिंगानं झाड आतून वाळतं म्हणतात; आपसूक वाळलं तर जबानही मोडत नाही. सापही मरावा आणि काठीही तुटू नये.

त्या दिवशी जेवायला वाढताना हुस्नाबानोनं नवऱ्याच्या हाताचा वास घेतला.

"हिंग?"

त्यानं ताट पुढं ओढलं. "या अल्ला," एवढंच म्हणून ती पोळी शेकत राहिली.

हे दिवाळीनंतरचं. माघ लागला आणि झाड वाळायचं सोडून फुललं. पान दिसेना एवढा मोहोर. शेजारच्या प्लॉटवरचे गवंडी थापी हातात धरून वर बघत राहायचे. नबीला मात्र बघवत नव्हतं. लाकूड ओळखायला शिकवताना बाप म्हणाला होता, मरायला लागलेला आंबा जाता जाता सगळा जीव फुलात घालतो.

एक दिवस जमनाबाईचा निरोप आला, प्लॉटवर या. नबी आणि हुस्नाबानो आधीच जाऊन उभे राहिले. नबीनं खोडाला हात टेकवला, बरोबर त्या खुंटीवर. जमनाबाई बसमधून उतरून पायी आली. पिशवीत नारळ होता, हळदीकुंकू होतं.

"गुलामभाऊ, म्या तुमाले मोकळं कराले निंगाली होती," धाप लागलेल्या आवाजात ती म्हणाली. "माह्या पोरानं, विनोदनं सांगतलं, तुमच्या पोराचं घर अडून राह्यलं. म्या म्हनलं, मेल्या मानसाच्या शब्दापाई जित्या मानसानं कायले उघड्यावर राहावं? झाडाची माफी मांगू, नारळ फोडू, अन् तोडा."

नबीच्या छातीवरचा दगड सरकला.

"मंग कागदावर सही द्या, भाभी. उद्याच तोडतो."

"आता कसे तोडता?" जमनाबाई हसली. "वर तं पाहा! लगन होऊन आली तवापासून पाह्यते मी याले, असं कदी फुललं नाई. तुमची सून पोटुशी, अन् हेबी पोटुशी. भरल्या झाडाले कोनी हात लावते का? आंबे उतरू द्या, मंग पाहू."

"भाभी, मार्चात..." हुस्नाबानो म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून थांबली.

"होते व समदं. भाऊ, तुमच्या हाताले यश हाये. विनोदच्या बापानं जलमभर पानी घातलं, पन त्यायच्या हातानं नाई फुललं असं."

नबीला लाज वाटली. सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हुस्नाबानोकडून पाणी घेऊन जमनाबाईनं तळहातावर कुंकू कालवलं. "नमराचं बाळंतपन सुखाचं होऊ दे," पुटपुटत ती खोडाभोवती फिरली. साल सगळीकडे खडबडीत, भेगाळलेली. ती नबीपाशी येऊन थांबली.

"हात काढा, भाऊ. तुमच्या हाताखाली तेवढं कुंकवाले सपाट दिसून राह्यलं."

हुस्नाबानोनं तोंड फिरवलं. नबीचा हात निघेना.

"काढा नं," जमनाबाई म्हणाली. तिच्या बोटावरचं कुंकू ओलं होतं.