बॉनेटवरचा पहिला घाव

मित्रांनो, मी एक जुनी, फिक्या हिरव्या रंगाची मोटार आहे. मला राग आलेला आहे. इतकी वर्षे झाली, माझे पत्रे गंजले, चाके गेली, पण राग काही गेला नाही. म्हणून माझी कहाणी गोड लागेल असे समजू नका.

माझा जन्म जपानमधला. तिथे मला जोडणारी माणसे फार बोलत नसत. दार नीट बसले नाही तर ते काढून पुन्हा बसवत. मग जहाजाच्या पोटात बसून समुद्र ओलांडला आणि मी अमेरिकेत आले. तिथून जिथे जायला नको होते नेमकी तिथेच गेले, डेट्रॉइटला. त्या शहरात प्रत्येक घरातला एक तरी माणूस मोटारीच्या कारखान्यात होता. आणि त्या वर्षी प्रत्येक गल्लीतला कुणी ना कुणी कामावरून घरी बसला होता, आणि त्याचे खापर लोक जपानी गाड्यांवर फोडत.

मला विकत घेतले लोरेटा ओलेक्सी नावाच्या परिचारिकेने. ती आईवडिलांकडे राहत असे. तिचे वडील कॅझिमिर आयुष्यभर कारखान्यात गाड्यांची दारे बसवत आले होते. धाकटा भाऊ लेनी दुसऱ्या कारखान्यात होता, पण तो कारखाना बंद होणार अशी बोलवा होती. पहिल्या संध्याकाळी लोरेटाने मला दारासमोर उभे केले आणि दोघेही पायरीवर आले.

"हे काय आहे?" कॅझिमिरनी विचारले.

"गाडी आहे, बाबा."

"गाडी कशी असते ते तू मला सांगणार? हे काय आहे, ते विचारतोय."

"सकाळी चालू होतं, ते आहे," लोरेटा म्हणाली. "जानेवारीत दोनदा मी हायवेवर बर्फात उभी होते. ती बंद पडलेली गाडी तुमच्या कारखान्यातली होती. तिकडे वॉर्डात रुग्ण माझी वाट बघत होते."

कॅझिमिरचा चेहरा पडला. पण लेनी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "माझ्या ताटातला घास उचललास, ताई, आणि त्याला चाकं लावून घरी आणलास."

"तुझा घास मी उचलला? वरच्या साहेबांना विचार ना, कारखाना कुठे हलवतायत ते."

"ते कुठे भेटतात? तू भेटतेस."

आतून आईचा आवाज आला. "सूप निवतंय. गाडी काही जेवायला आत येणार नाहीये, तुम्ही तरी या."

कॅझिमिर आत जाता जाता म्हणाले, "माझ्या दारात ही उभी राहणार नाही. हिचं तोंडसुद्धा मला बघायचं नाही."

तेव्हापासून मी दोन गल्ल्या पलीकडे, चर्चच्या भिंतीला लागून उभी राहू लागले. रात्रपाळी करून थकलेली लोरेटा तिथून पायी घरी जाई. कुणीतरी माझ्या दारावर खिळ्याने 'परत जा' असे कोरले. कुणी काचेवर थुंकले. लोरेटा रुमालाने पुसत असे आणि दात आवळून म्हणत असे, "गाढव आहेत सगळे." पण मी तिला एकदाही वाटेत सोडले नाही. इस्पितळाच्या अंगणात परिचारिका मला थोपटत आणि म्हणत, "लोरेटा, तुझी पोर गुणी आहे." कॅझिमिर मात्र दर रविवारी प्रार्थनेला माझ्या शेजारून जात, पण मान वळवून.

उन्हाळ्यात लेनीचा कारखाना खरोखरच बंद पडला.

ऑगस्टमध्ये कामगार संघटनेची सहल होती. मैदानात सॉसेज भाजण्याचा धूर, अकॉर्डियन आणि बिअर. बेकारांच्या घरी शिधा द्यायचा म्हणून एक खेळ ठेवला होता. एक डॉलर द्यायचा आणि भंगारातल्या परदेशी गाडीवर घणाचा घाव घालायचा. पण भंगारवाल्याने गाडी पाठवलीच नाही. लोक रांग लावून उभे. लेनी म्हणाला, "थांबा, आमच्या घरात आहे एक."

लोरेटा रात्रपाळीनंतर झोपली होती. त्याने स्वयंपाकघरातल्या खुंटीवरून किल्ली काढली. मला सांगायला लाज वाटते, पण त्याने मला फार सुरेख चालवले. गाड्यांवर वाढलेला मुलगा तो, गिअर लोण्यासारखे टाकले. मला वाटले, चला, याने मला आपले म्हटले. मग समोर घण दिसला.

पहिला मान वयाने मोठ्या कामगाराचा. कॅझिमिरना बोलावले. ते हातात थाळी घेऊन हसत आले आणि मला पाहून थांबले.

"लोरेटाला विचारलंस?"

"कारखाना बंद करताना मला कुणी विचारलं?" लेनी म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, हिचं तोंड बघायचं नाही? आता काय झालं?"

भोवती त्यांचे सगळे सोबती उभे होते. "कॅझ, हात गळाले काय रे?" कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. मित्रांनो, तो हशा नसता तर कदाचित त्यांनी घण उचलला नसता. त्यांनी तो उचलला आणि माझ्या बॉनेटच्या मधोमध घातला.

टाळ्या पडल्या. कॅझिमिर वाकून बघायला लागले, आणि काचेतून त्यांना मागच्या सीटवर लोरेटाचे पांढरे बूट दिसले. इस्पितळात घालायचे, नुकतेच पांढरे केलेले.

"बस," ते म्हणाले. "झालं. बंद करा."

कुणी ऐकले नाही. लेनीने घण घेतला आणि समोरची काच फोडली. तो रडत होता की हसत होता ते मला कळले नाही. तो पुन्हा घण उचलतो तोच माझे दार उघडले आणि कॅझिमिर आत येऊन बसले, काचांच्या चुऱ्यावर.

"उतरा, बाबा."

"मार ना. आता मार."

लेनीने घण गवतात टाकला आणि पाठ फिरवून चालू लागला.

कॅझिमिरनी मला घरी आणले. वारा सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांनी मला चर्चपाशी नेले नाही, स्वतःच्या दारासमोर उभे केले. लोरेटा अनवाणी बाहेर आली. तिने बॉनेटवर हात ठेवला.

"पहिला कुणी घातला?"

"मी," कॅझिमिर म्हणाले. "उद्याच ठोकून सरळ करतो. कळणारसुद्धा नाही."

"हात लावायचा नाही."

त्याच आठवड्यात तिने भाड्याची खोली घेतली. काच बदलली, पण खड्डा तसाच ठेवला. पुढे लेनी टेक्सासला छपरे घालायच्या कामावर गेला आणि बहिणीला त्याचे कधी पत्र आले नाही. लोरेटा रविवारी जेवायला घरी येत असे आणि मला नेमके दारासमोर उभे करत असे. कॅझिमिर पायरीवर येत, खड्ड्याकडे बघत आणि आत जात. म्हातारपणी त्यांचे गाडी चालवणे बंद झाले, तेव्हा तीच त्यांना डॉक्टरकडे नेऊ लागली. शेजारच्या सीटवरून खड्डा नाकासमोर दिसायचा. एकदा ते म्हणाले, "लोरेटा, आता तरी सरळ करू."

"नको, बाबा."

त्यांनी मान हलवली, आणि पुढे कधी विचारले नाही.

मित्रांनो, मला फोडून एकाही माणसाला काम परत मिळाले नाही. ज्यांनी कारखान्याला कुलूप घातले ते त्या मैदानात नव्हतेच. त्यांच्या मोटारीला कुणी ओरखडाही काढला नाही. लेनीचा राग खरा होता, आणि म्हणूनच मला जास्त संताप येतो, की तो असा वाया गेला. राग आला तर तो आणणाऱ्याच्या दारापर्यंत घेऊन जा. दार लांब असेल, तिथे पहारा असेल, तरीही न्या. वाटेत जे सापडेल त्याच्यावर तो उतरवू नका. ते सापडलेले बहुधा तुमच्याच घरातल्या कुणाचे तरी असते.

माझा दोष काय होता? मी हाताशी होते, एवढाच.