टोळाचा ताप

आईच्या हिरव्या डर्ट बाईकचं नाव टोळ. दगडमातीत उड्या मारत जाणारी ही गाडी, आणि तिच्यावर बसणारी आमची आई साठीला टेकलेली. रविवारी टेकडीची शर्यत होती. नियम सरळ: चढावर गाडी बंद पडली की बाद. वयाच्या अटीमुळे आईला ही शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी तिला दोरीच्या अलीकडून नुसत्या टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या. आणि टोळ नेमका गरम झाला की मान टाकत होता.

गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. माझ्या गॅरेजात भल्याभल्या गाड्या सुतासारख्या सरळ होतात, पण या टोळानं माझ्या नाकी नऊ आणले. सरावाच्या मैदानावर पहिली फेरी झकास. मग जरा विश्रांती, आणि दुसऱ्या फेरीत काळा धूर, गचके, चढावर ठप्प. आई गाडी ढकलत आणायची आणि वर मलाच ऐकवायची, की लोकांच्या गाड्या बऱ्या चालतात तुझ्या हातून.

गॅरेजात आणला की हाच टोळ गरीब गाय. मी त्याला स्टँडवर चढवून तापेपर्यंत चालवला, पंखा बंद ठेवून चालवला, स्वतः घामाघूम झाले, पण हा आपला एका सुरात गातोय. मग मी पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला, टाकीच्या झाकणातली हवेची नळी फुंकून पाहिली, व्हॉल्व्ह तपासले. दर वेळी छाती फुगवून आईला सांगितलं की झालं काम, आणि दर वेळी संध्याकाळी फाटकातून आधी आईचा घामेजलेला चेहरा आणि मग मुका टोळ आत आला.

बाबांना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. जन्मभर त्यांनी इस्पितळाच्या वॉर्डात नर्सचं काम केलं. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला आणि आम्ही दोघी तावडीत सापडलो. रोज ते मलमपट्टीची पिशवी घेऊन आईबरोबर मैदानावर जायचे. एरवी मला साधी शिंक आली तरी व्याख्यान देणारा हा माणूस आईच्या शर्यतीबद्दल चकार शब्द काढत नव्हता, आणि तेच मला खटकत होतं.

शनिवारी मी गॅरेजला कुलूप घातलं आणि स्वतःच मैदान गाठलं. आईची पहिली फेरी संपली, ती हेल्मेट काढून नळाकडे गेली. लगेच बाबा इकडेतिकडे बघत टोळाशेजारी उकिडवे बसले. बाजूला पाण्याची वाटी, हात गाडीच्या पोटात. एका टेम्पोच्या आडून मी हे बघत होते आणि माझं डोकंच फिरलं. मी आठवडाभर नट-बोल्टांशी झोंबत होते आणि चोर घरातच होता.

मी तरातरा जाऊन समोर उभी राहिले. बाबा दचकले, पण हात काढला नाही. इंजिनाच्या माथ्यावर ओल्या फडक्याची नीट घडी घालून ठेवलेली होती.

"बाबा, हे काय चाललंय?"

"ताप उतरवतोय," बाबा म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. मागे एकदा रेडिएटरमध्ये चिखल भरून टोळ वाफा सोडत बंद पडला होता. चिखल मी त्याच दिवशी धुऊन काढला आणि विसरले. बाबा विसरले नव्हते. इंजिनाला हात लावून लावून सगळ्यात जास्त चटका कुठे बसतो ते त्यांनी शोधलं, आणि तेव्हापासून पहिली फेरी झाली की तिथे गार पाण्याच्या पट्ट्या. मध्ये वायरचा एक जोड यायचा, आम्ही त्याला कपलर म्हणतो. पट्टी नीट बसावी म्हणून बाबा तो हळूच काढायचे आणि हळूच परत ठेवायचे. दाबायचे मात्र नाहीत, गरम अंगाला कशाला त्रास.

मी बोट लावलं तर कपलर चक्क नुसता टेकवलेला. इंजिन किती तापलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर त्याच्याच खाली. कपलर निसटला की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन गारठलंय, पाजा बिचाऱ्याला पेट्रोल. आधीच तापलेला टोळ ते पिऊन पिऊन घुसमटायचा. बाबा म्हणायचे ताप वाढला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी जाड व्हायची. आणि मी? गाडी आली की आधी सगळे कपलर एकेक करून कटकन दाबायचे, ही माझी सवय. हात आपोआप करतात, डोक्याला विचारत नाहीत. म्हणजे रोज मी रोग बरा करत होते आणि मग तो शोधत बसत होते.

मी मातीत फतकल मारली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबांचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात आई आली. तिनं वाटी पाहिली, पट्टी पाहिली, माझं सगळं ऐकून घेतलं. हसली मात्र नाही.

"खरं सांगा," ती बाबांना म्हणाली, "मी उद्या जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाटतं," बाबा म्हणाले. "रोज वाटतं. तू चढाला लागलीस की मी पिशवीतली बँडेजं मोजत बसतो. पण गाडी ढकलत येतेस तेव्हा तुझं तोंड बघवत नाही मला. म्हणून तर पट्ट्या ठेवत होतो."

आईनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि कपलर तुम्हीच बसवा म्हणाली. बाबांनी तो इतक्या मायेनं दाबला की तो पेशंट नाही हे मला सांगावं लागलं. मग त्यांनी दोन्ही अंगठे लावले आणि कट् असा आवाज झाला. त्या दिवशी आईनं फेरीवर फेरी मारली. टोळ तापला, चांगला भाजण्याइतका तापला, पण धूर नाही की गचका नाही. ती थांबली की बाबा उठायचे आणि मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवायची.

रविवारी आईचा नंबर शेवटून दुसरा आला. पण वर पोचली, टोळावर बसून पोचली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बाबा ज्या माणसाला मिठ्या मारत होते त्याला आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं. रेषेपलीकडे आईनं पाय टेकले. टोळ तिच्याखाली मस्त धडधडत होता. झेंडेवाला येऊन म्हणाला, की बाई, शर्यत संपली, आता गाडी बंद करा.

"थांबा हो जरा," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी कुठे मला येऊ देणार आहात?"

बाबा पुढे झाले, हँडलवरच्या तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला, आणि रेस वाढवली.