जानरावांच्या कॅप्सूलमधला मध्यस्थ

नावाला हसू नका. मी सर्फॅक्टंट बोलतोय. साबणाच्या भावकीतला, पण माझं बिऱ्हाड औषधाच्या कॅप्सूलमध्ये आहे.

कारखान्यात माझी गाठ एका पांढऱ्या भुकटीशी घालून दिली. गजकर्णावर जालीम, पण पाण्याशी तिचं जन्माचं वाकडं. पाण्यात टाका, वरच रुसून बसते. विरघळायचं नाव नाही. म्हणून मला सोयरिकीतल्या मध्यस्थाचं काम. माझं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तिला. दोन्हीकडचा चहा मात्र मला कुणी पाजत नाही.

अनसिंग गावी जानरावांच्या घरी आलो, तेव्हा घरात धुसफूस चालली होती. जानरावांच्या हातांना गजकर्ण झालेलं आणि सून वर्षाराणीनं बजावलेलं, "मामाजी, बरं होईस्तोवर बाळाले हात नोका लावू." नात जन्मल्यापासून बिचारे पाळण्यापासून हातभर लांब बसून नुसत्या टाळ्या वाजवायचे.

आधीचं औषध त्यांनीच वाया घालवलं. पेरणीआधी ज्वारीचं बी पाण्यात टाकायची त्यांची सवय. तरंगलं ते पोचट. तशाच त्यांनी कॅप्सूल फोडून ग्लासात टाकल्या. त्यांत माझ्यासारखा मध्यस्थ नव्हता, नुसती भुकटी, ती तरंगणारच. "पोचट माल देल्ला डॉक्टरनं!" म्हणत सगळं मोरीत ओतलं.

आता तीच परीक्षा आमची. पाकिटातून मी जीव मुठीत धरून पाहत होतो. ग्लासात शेजारच्या कॅप्सूलमधला माझा सख्खा भाऊ होता. भुकटी जरा वर रेंगाळली, मग भावानं तिला हळूच खाली ओढलं.

"भरला दाना हाये!" जानरावांनी खुशीत ग्लास पिऊन टाकला.

"उद्यापासून अख्खी गिळाची. दवाई हाये थे, बियानं नोहे," वर्षाराणी म्हणाली.

मग एकेक भाऊ कामी आला. चट्टे गेले, खाज थांबली. आणि माणसाची जात पाहा, खाज थांबली की औषध विसरलं! मी शेवटचा, तिखटाच्या डब्यामागे पडून राहिलो. फार वाईट वाटलं.

आज वर्षाराणीच्या हाती लागलो.

"हे काहून राह्यली, मामाजी?"

"बरा झालो ना मी. आन पोरगी इकडे."

"पयले हे घ्या, मंग पोरगी."

जानरावांनी तांब्या उचलला.

तर मंडळी, मी निघालो. पोटात भुकटीची पाठवणी केली की मी मोकळा. माझं नाव कुणी घेणार नाही, चालेल. फक्त जानराव, घाई करू नका. पोरीनं अजून मान धरलेली नाही. उचलताना मानेखाली हात ठेवा.